विनोदी लेखकाने निर्माता का व्हायचे? नॉर्मन लिअर यांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एकांकिका स्पर्धांसाठी विनोदी संहिता लिहिता. अमेरिकेतल्या नॉर्मन लिअर यांच्याबद्दल वाचताना तुम्हाला जिथे तिथे 'दूरचित्रवाणीचे विनोदी लेखक आणि निर्माते' असे दिसले आणि तुम्ही अडखळलात. निर्माता म्हणजे पैसा घालणारा, मग विनोद लिहिणाऱ्याने त्यात पडायचे कशाला? पडायचेच तर पैसा आणायचा कुठून? नुसते लेखक राहून भागत नाही का? आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की तुमची मालिका तुमच्या काकांवर बेतलेली आहे, घरचे दुखावतील या धास्तीने हात थांबतो.

मी वीसेक वर्षे मराठी वाहिन्यांसाठी विनोदी मालिका आणि प्रहसने लिहितो आहे, अलीकडची काही वर्षे एका भागीदारासोबत निर्मितीही करतो. त्या अनुभवातून सांगतो : तुमचा पहिला प्रश्न आणि काकांविषयीचा शेवटचा प्रश्न हे दोन नाहीतच, एकच आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा 'निर्माता' हे तिथले एक पद होते. कार्यक्रमाची कल्पना काढणारा, लेखकाला बोलावून घेणारा, कलाकार निवडणारा आणि स्टुडिओत शेवटपर्यंत उभा राहणारा माणूस म्हणजे निर्माता. त्याला स्वतःच्या खिशातून काही घालावे लागत नसे. त्याआधी दिल्लीत पु. ल. देशपांडे याच अर्थाने दूरचित्रवाणीचे निर्माते होते. पुढे खासगी वाहिन्या आल्या, भाग तयार करून देण्याचे काम बाहेरच्या कंपन्यांकडे गेले आणि निर्माता म्हणजे सेट उभा करणारा, युनिटचे पैसे चुकवणारा, वाहिनीला बिल लावणारा, असा अर्थ रूढ झाला. अमेरिकेतल्या मालिकांच्या धंद्यात जुना अर्थ जिवंत आहे. तिथे लेखकच एकेक पायरी चढत निर्माता होतो, आणि कागदावर काय राहील, काय जाईल याचा शेवटचा शब्द त्याचा असतो. लिअर यांना 'निर्माता' म्हणतात ते या अर्थाने वाचा.

आता त्यांचे आयुष्य. सगळे सांगत नाही, तुमच्या प्रश्नाला लागते तेवढेच.

जन्म २७ जुलै १९२२, कनेटिकट राज्यातले न्यू हेवन. ते नऊ वर्षांचे असताना वडिलांना बनावट रोख्यांच्या प्रकरणात अटक झाली आणि ते तीन वर्षे तुरुंगात गेले. घरातले सामान विकायला निघाले. वडील ज्या लाल चामड्याच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत, ती खुर्चीही गेली. त्या गर्दीत कुणीतरी पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता या घरातला कर्ता पुरुष तूच. लिअर हा प्रसंग शंभरीपर्यंत सांगत राहिले. रडू येत असतानाही, नऊ वर्षांच्या मुलाला असे सांगण्यातला वेडेपणा आपल्याला दिसला होता, असे ते म्हणत. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनाचे मूळ तिथे आहे.

वडील परत आले ते तसेच, मोठमोठ्या बाता मारणारे आणि बायकोला दरडावून गप्प करणारे. मुलाला म्हणायचे, तुझ्याइतका आळशी गोरा पोरगा मी पाहिला नाही. मुलगा विचारायचा, मला आळशी म्हणण्यासाठी दुसऱ्या आख्ख्या वंशाला कशाला खाली खेचता? वडिलांना त्यात आपले काय चुकले हे कळत नसे. हे संभाषण तसेच्या तसे पुढे पडद्यावर आले, पण त्याला चाळीसेक वर्षे जावी लागली.

मधली वर्षे उमेदवारीची. महायुद्धात इटलीतल्या तळावरून बी-१७ विमानात ५२ हवाई मोहिमा. मग लॉस एंजेलिसला नात्यातल्या बहिणीचा नवरा एड सिमन्स याच्याबरोबर दारोदार फर्निचर आणि लहान मुलांचे फोटो विकणे. सिमन्सला विनोदी लेखक व्हायचे होते, लिअर त्याच्यासोबत लिहायला बसले. डॅनी थॉमस या विनोदी कलाकाराचा फोन नंबर मिळवण्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार बोलतोय असे सांगून त्याच्या एजंटला फोन केला. नंबर मिळाला, थॉमसने लिहिलेले घेतले, आणि १९५० पासून ही जोडी डीन मार्टिन आणि जेरी लुईस यांच्यासाठी थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात प्रहसने लिहू लागली. थेट कार्यक्रमात हशा आला नाही तर तो पुन्हा मिळवायची सोय नसते. ज्याने काही वर्षे हे केले त्याच्या कानात पंचचे, म्हणजे हशा पिकवणाऱ्या वाक्याचे, माप पक्के बसते. तुमच्या एकांकिका स्पर्धा तुम्हाला हेच शिकवत आहेत, म्हणून त्यांना कमी लेखू नका.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लिअर यांनी दिग्दर्शक बड यॉर्किन यांच्याबरोबर कंपनी काढली. एक लेखनाचे डोके आणि एक दिग्दर्शनाचे. मग इंग्लंडमध्ये बीबीसीवर जॉनी स्पाइट यांची एक मालिका गाजत असल्याचे त्यांच्या वाचनात आले. एक हेकेखोर, सगळ्या परक्या लोकांवर राग असलेला बाप आणि त्याच्याशी वाद घालणारा उदारमतवादी जावई. लिअर यांना त्यात आपले घर दिसले. त्यांनी हक्क विकत घेतले, पण संहिता स्वतःच्या वडिलांच्या बोलण्यावर नव्याने लिहिली. तीच पुढे 'ऑल इन द फॅमिली' झाली.

लेखकाने निर्माता का व्हायचे, याचे उत्तर इथून पुढच्या तीन वर्षांत आहे. एबीसी वाहिनीने १९६८ मध्ये पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, करून घेतला आणि नाकारला. १९६९ मध्ये दुसरा पायलट करून घेतला आणि तोही नाकारला. मधल्या काळात लेखन मवाळ करण्याची मुभा लिअर यांना होती. त्यांनी नटसंचात बदल केले, पण मालिकेतल्या बापाला, आर्ची बंकरला, गोड केले नाही. मग सीबीएसने मालिका घेतली आणि प्रक्षेपणाच्या तोंडावर पहिल्या भागाबद्दल घासाघीस सुरू झाली. आर्ची आणि त्याची बायको चर्चमधून लवकर घरी येतात, मुलगी आणि जावई वरच्या खोलीतून कपडे सावरत उतरतात, आणि आर्ची रविवारी सकाळी अकरा वाजल्याचा उल्लेख करून चिडतो. वाहिनीचे म्हणणे होते, हे वाक्य काढा. लिअर म्हणाले, काढले तर मी मालिका सोडतो. १२ जानेवारी १९७१ च्या रात्री भाग वाक्यासकट गेला. सुरुवातीला वाहिनीने एक सूचना दाखवली, की आपले दोष आणि पूर्वग्रह यांवर हसत प्रकाश टाकण्याचा हा प्रयत्न आहे. पहिले काही आठवडे फारसा प्रेक्षक मिळाला नाही. मग दूरचित्रवाणीसाठीचे एमी पुरस्कार आले, उन्हाळ्यात भाग पुन्हा दाखवले गेले, आणि त्यानंतर सलग पाच हंगाम ती अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण नवे लेखक हा किस्सा ऐकतात आणि लगेच वाहिनीशी भांडायला निघतात. लिअर 'सोडतो' म्हणू शकले, कारण त्याच वेळी त्यांच्या हातात एका चित्रपट कंपनीचा तीन चित्रपटांचा प्रस्ताव होता. १९६७ मधल्या त्यांच्या एका चित्रपटाच्या लेखनाला ऑस्करचे नामांकन मिळून गेले होते. वय अठ्ठेचाळीस होते. वीस वर्षांचे काम पाठीशी होते. नाही म्हणण्याची ताकद केवळ स्वभावातून येत नाही, तिला मागे दुसरे काम लागते. तुमच्यापाशी ते नसेल तर आधी ते उभे करा.

एका वाक्यासाठी इतके का? इथे माझी गोष्ट सांगतो. दोन हजारच्या दशकात मी एका साप्ताहिक विनोदी मालिकेचा संवादलेखक होतो. वाहिनीचे नाव सांगत नाही. त्यात एसटीचा निवृत्त कंडक्टर होता, घरातल्या प्रत्येकाकडून सुट्ट्या पैशांचा हिशेब मागणारा. तो माझ्या मामावरून घेतला होता. एका भागाच्या शेवटी सुनेशी भांडण झालेले असते आणि तो तिच्या पोळपाटाशेजारी चिल्लरची पिशवी ठेवून काही न बोलता निघून जातो, असे मी लिहिले. मी टेलिकास्ट घरी पाहिला, मामाही मुद्दाम आला होता. पडद्यावर म्हातारा हात जोडून रडला, 'मी चुकलो सूनबाई' म्हणाला, वर सनई वाजली. मला कुणी काही कळवलेच नव्हते. मामा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मी असा रडलो असतो का रे?"

म्हणून मी म्हटले की तुमचे दोन प्रश्न एकच आहेत. मामा दुखावला तो मी त्याला लिहिले म्हणून नाही. त्याच्या तऱ्हेवाईकपणावर तो आधीच्या भागांत मोठ्याने हसला होता. तो दुखावला, कारण पडद्यावरचा माणूस ऐन वेळी तो राहिला नाही. घरातला खरा माणूस लिहायचा तर त्याला शेवटच्या एडिटपर्यंत खरा ठेवण्याचा अधिकारही हवा. तो संवादलेखकाकडे नसतो. लेखकाला फोन येतो तो बदल झाल्याची बातमी द्यायला, आणि पुष्कळदा तोही येत नाही. निर्मात्याला फोन येतो तो विचारायला. मी निर्मितीकडे वळलो ते त्या एका फोनसाठी.

हा अधिकार फक्त वाहिनीसमोर लागतो असे नाही, आपल्याच नटासमोरही लागतो. १९७२ च्या सुरुवातीला दाखवलेला एक भाग आहे : आर्ची लिफ्टमध्ये अडकतो, सोबत एक सुशिक्षित कृष्णवर्णीय गृहस्थ आणि एक प्वेर्तो रिकन जोडपे, बायको दिवस भरलेली. तिथेच तिचे बाळंतपण होते. आर्चीचे काम करणारे कॅरल ओ'कॉनर अडून बसले, एवढ्याशा जागेत हे करता येणार नाही. प्रकरण वकिलांना बोलावण्यापर्यंत गेले. लिअर हटले नाहीत. शेवटी ओ'कॉनर यांनी काम केले, आणि बाळाचे पहिले रडणे ऐकताना कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आहे तो क्षण अभिनयाच्या कुठल्याही वर्गात दाखवावा असा आहे. मी तालमीत अडकलो की तो भाग काढून बघतो. नट मूर्ख नव्हता, उलट फार बुद्धिमान होता, आणि त्याची भीतीही खरी होती. पण नटाला आपली भूमिका दिसते आणि निर्मात्या लेखकाला पुढचे वीस भाग दिसतात. तिथे एकाने ठाम राहावे लागते.

मग तडजोड कधीच करायची नाही का? करायची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'मॉड' या लिअर यांच्या दुसऱ्या मालिकेत सत्तेचाळीस वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते, असे दोन भाग झाले. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा देशभर लागू झालेला निकाल त्यानंतर, जानेवारी १९७३ मध्ये आला. वाहिनीला दुसरी बाजू हवी होती. लिअर यांनी नायिकेची एक मैत्रीण आणली, चार मुले असलेली आणि पुन्हा दिवस गेलेली, मूल आनंदाने वाढवणारी. नायिकेचा निर्णय मात्र बदलला नाही. मी हीच कसोटी वापरतो. वाहिनीचा माणूस पात्र वाढवायला, प्रसंग पुढेमागे करायला, शब्द बदलायला सांगत असेल तर मी ऐकतो, आणि पुष्कळदा भाग त्याने सुधारतो. पात्राने घेतलेला निर्णय उलटा करायला सांगितला तर थांबतो.

त्या 'मॉड'च्या भागांची लेखिका सुझन हॅरिस. पुढे त्यांनी स्वतःच्या मालिका उभ्या केल्या. लिअर यांच्या कामाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या मालिका एकाच वेळी इतक्या चालू होत्या की १९७४-७५ च्या हंगामात पहिल्या दहांतल्या पाच त्यांच्या होत्या. एका माणसाने एवढे लिहिणे शक्य नाही. ते लेखकांना घेऊन बसत, चर्चा टेपवर ध्वनिमुद्रित करून टंकून घेत, आणि सांगत की रोज वर्तमानपत्रे वाचा, आपल्या संसारात आणि मुलांच्या आयुष्यात काय चालले आहे ते इथे आणा. आर्चीची बायको एडिथ हिच्या रजोनिवृत्तीवरचा भाग आला तो अशाच वातावरणात, आणि त्याच्या लेखनाला एमी मिळाले. भागाचे चित्रण एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या प्रेक्षकवर्गांसमोर होई. पहिल्या खेळात जिथे हशा पडला नाही तिथे मधल्या वेळात दुरुस्ती, मग दुसरा खेळ, आणि दोन्हींतले चांगले जोडून भाग तयार. आपल्याकडे डेलीच्या, म्हणजे रोज दाखवल्या जाणाऱ्या मालिकेच्या, धबडग्यात हे जमत नाही. दुपारी चारला शूट आणि दोनला संवाद, अशा दिवसांतून मीही गेलो आहे. पण साप्ताहिक मालिका असेल तर निदान एक वाचन बाहेरच्या दहा माणसांसमोर करा. आम्ही करतो. युनिटमधली माणसे धरू नका, ती प्रेमाने हसतात.

आता पैसा. लिअर यांच्या वेळी अमेरिकेत एक नियम होता. १९७० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मोठ्या वाहिन्यांना बाहेरच्या कंपन्यांनी केलेल्या मालिकांच्या पुनर्विक्रीत मालकी घ्यायला मनाई केली. हा नियम १९९३ पर्यंत टिकला. म्हणजे वाहिनी फक्त दाखवण्याचे शुल्क देई. खर्च त्याहून जास्त झाला तर तूट निर्मात्याची, पण मालिका पुढे देशभरच्या स्थानिक केंद्रांना विकली गेली तर उत्पन्नही त्याचे. लिअर यांची 'द जेफर्सन्स' ही मालिका अकरा हंगाम चालली, यावरून अंदाज करा. व्यवहार पाहायला जेरी पेरेन्चिओ हे भागीदार होते. १९८५ मध्ये लिअर आणि पेरेन्चिओ यांनी कंपनी कोका-कोलाला ४८.५ कोटी डॉलरला विकली.

आपल्याकडचे गणित वेगळे. बहुतेक मालिका वाहिनी सांगून करून घेते, भागामागे ठरलेली रक्कम देते, आणि हक्क स्वतःकडे ठेवते. पैसे हातात यायला वेळ लागतो, युनिटला मात्र वेळेवर द्यावे लागतात. निर्मात्याचा पैसा या मधल्या काळासाठी अडकतो. म्हणून घर गहाण ठेवून निर्मितीत उतरू नका. असा भागीदार शोधा ज्याला हिशेब, कंत्राटे, लोकेशन, तारखा हे काम मनापासून आवडते. मी एकट्याने केलेला पहिला प्रयत्न पाच महिन्यांत बंद करावा लागला. उधारी फेडायला दीड वर्ष गेले आणि त्या दीड वर्षात मी एक ओळ चांगली लिहिली नाही. भागीदार मिळाल्यावर सगळे बदलले. यॉर्किन आणि पेरेन्चिओ यांची नावे तुम्ही ऐकली नव्हती ना? लिअर यांच्या आयुष्यातून शिकायचे तर तीही लक्षात ठेवा.

लिअर यांचेही सगळे बरोबर आले नाही. 'गुड टाइम्स' ही शिकागोच्या सरकारी वसाहतीतल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची मालिका एरिक मॉन्टी आणि माइक इव्हान्स या कृष्णवर्णीय लेखकांनी रचली होती. लोकांना थोरल्या मुलाचे चाळे आवडले, तसा त्याचा वाटा वाढत गेला. बापाचे काम करणारे जॉन एमॉस आणि आईचे काम करणाऱ्या एस्थर रोल यांनी उघड नाराजी व्यक्त केली, की त्याला विदूषक केले जात आहे. १९७६ मध्ये एमॉस मालिकेबाहेर गेले. जे माझ्या मामाचे झाले तेच इथे एका घराचे झाले, आणि या वेळी शेवटचा शब्द लिअर यांच्या कंपनीचा होता. अधिकार हाती आला की तो कुणाच्या घरावर वापरतो आहोत हेही पाहावे लागते. २०१७ मध्ये त्यांची एक जुनी मालिका क्युबन-अमेरिकन कुटुंबावर नव्याने झाली, तेव्हा तिच्या दोन प्रमुखांपैकी एक ग्लोरिया काल्डेरॉन केलेट होत्या, स्वतः तशा घरातल्या. ५ डिसेंबर २०२३ ला लिअर गेले तेव्हा ते १०१ वर्षांचे होते.

तर नुसते लेखक राहून चालेल का? चालेल, पण कशासाठी लिहिता त्यावर आहे. प्रहसने, पुरस्कार सोहळ्यांची निवेदने, दुसऱ्याच्या मालिकेचे संवाद यात उत्तम कारागिरी आहे, पोट भरते आणि झोप लागते. माझे काही फार गुणी मित्र तेवढेच करतात आणि समाधानी आहेत. काकांची मालिका मात्र तशी देऊन टाकू नका. पायलट कुणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. करारात मूळ कल्पनेचे श्रेय आणि एडिट पाहण्याचा हक्क मागा. पहिल्या मालिकेला सगळे मिळणार नाही, निदान एडिट पाहण्याचा हक्क सोडू नका.

आणि काका. त्यांचे नाव, धंदा, गाव बदला. बोलण्याची लकब आणि हट्ट बदलू नका. पायलटच्या आधी बारा भागांच्या वनलाइन, म्हणजे प्रत्येक भागाची थोडक्यात गोष्ट, लिहून काढा. प्रत्येकीत काकांना काहीतरी मनापासून हवे असले पाहिजे, आणि निदान चार भागांत शेवटी त्यांचेच बरोबर निघाले पाहिजे. नाहीतर तुम्ही त्यांच्यावर खटला चालवत आहात. मग एके संध्याकाळी त्यांना समोर बसवून पहिला भाग वाचून दाखवा. परवानगी मागायला नव्हे, ऐकायला. ते कुठे हसतात यापेक्षा कुठे 'मी असं कधी म्हटलं?' म्हणतात तिथे खूण करा. मामाला मी वाचून दाखवले नव्हते.